यूसुफीचं झाड आणि आईचे सोमवार

हाइलला थंडी पडते असं मी सांगितलं की लोक हसतात. सौदी अरेबिया म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर वाळू, उंट आणि डोकं फिरवणारं ऊन एवढंच येतं. पूर्वी मी हिरिरीनं वाद घालायची. हाइल उत्तरेला आहे, उंचावर आहे, तिथे गव्हाची शेतं आहेत आणि पहाटे नळातून पाण्याऐवजी नुसती खरखर येते, असं पटवून द्यायची. आता वाद घालत नाही. ज्यांनी तिथल्या जानेवारीत आंघोळ केलेली नाही त्यांच्याशी काय बोलायचं? आमच्या घरात गॅसची शेगडी असायची, तिच्यापुढे आम्ही तिघं मांजरांसारखे बसायचो आणि आई त्याच शेगडीवर भाकरी फुगवायची. बाजरी मिळत नसे, रियाधहून कुणी येणार असलं की त्याच्याकडे चिठ्ठी जायची आणि मग पिशवी उघडून आई आधी पिठाचा वास घ्यायची. खवट निघालं तरी भाकरी व्हायचीच.

बाबा तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. आई नाशकात शाळेत शिकवायची, पण बाबांच्या मागं आली ती नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहायला परवानगी, काम करायला नाही. मला तेरावं लागलं होतं आणि मी घरातली दुभाषी होते. शेजारच्या मुलींबरोबर अंगणात खेळून खेळून मला अरबी येऊ लागलं होतं, बाबांना दवाखान्यापुरतं येत होतं आणि आईला भाजीवाल्यापुरतं. त्यामुळे दारावर कुणी आलं की आई स्वयंपाकघराच्या जाळीआड उभी राहायची, मी अंगणात जायची, आणि दोन्हीकडची बोलणी माझ्या तोंडातून जायची. या कामाचा मला फार गर्व होता. दोघा मोठ्या माणसांनी आपल्या तोंडाकडे बघत थांबावं यासारखं सुख तेराव्या वर्षी दुसरं नसतं.

घराचे मालक अबू सालेह, म्हणजे सालेहचे वडील. पूर्वी ते ट्रक चालवायचे, पार तुर्कस्तानापर्यंत. तिथून एका खेपेला त्यांनी बायकोसाठी संत्र्याचं एक रोप आणलं होतं. सालीला सैल, बिनबियांचं, थोडीफार थंडी सोसणारं. तिकडे संत्र्याला यूसुफी म्हणतात. बायकोनं ते अंगणात भिंतीच्या आडोशाला लावलं, वाढवलं, आणि पहिला बहर धरला त्या वर्षी ती गेली. अबू सालेह पलीकडच्या गल्लीत थोरल्या मुलाकडे राहायला गेले आणि घर आम्हाला भाड्यानं दिलं. भाड्यावरून त्यांनी घासाघीस केली नाही. झाडावरून मात्र अर्धा तास बोलले. थंडीची चाहूल लागली की बुंध्याला वीतभर माती चढवायची, कलमाचा सांधा झाकला गेला पाहिजे. कडाक्याची थंडी पडणार असेल त्या दिवशी दुपारी मुळाशी भरपूर पाणी द्यायचं, कारण ओली जमीन ऊब धरून ठेवते. संध्याकाळी वरून जुनी ब्लँकेटं टाकायची, सकाळी उन्हं आली की काढायची. "सांध्याच्या खालचं झाड मरत नाही," त्यांनी मला बजावलं होतं. "वरचं नाजूक आहे. वरचं तिचं आहे."

दोन हिवाळे तेच येऊन सगळं करत होते. तिसऱ्या वर्षी त्यांचे डोळे अधू झाले आणि धाकटा मुलगा त्यांना ऑपरेशनसाठी रियाधला घेऊन गेला, अल मलाझमध्ये त्याचं घर होतं. जाताना ते झाड आईच्या ताब्यात देऊन गेले. आईनं जाळीआडून सांगितलं, काळजी करू नका म्हणावं, माझं माहेर द्राक्षांच्या गावातलं आहे. मी ते तसंच्या तसं अरबीत सांगितलं. द्राक्षांचा आणि संत्र्याचा काय संबंध, हे अबू सालेहांनी विचारलं नाही, फक्त मान हलवली.

माती चढवली होती, पाणी दिलं होतं. चुकलं ते पांघरुणात. त्या दिवशी आईनं ब्लँकेटं धुवायला काढलेली होती आणि ती वाळली नव्हती. आईनं विचार केला, ओल्या ब्लँकेटापेक्षा प्लॅस्टिक बरं. फ्रीज आला होता त्याचा मोठा कागद घरात होता, तो तिनं झाडाला घट्ट लपेटला आणि सुतळीनं आवळला. बाजारातून आणलेल्या कोबीच्या गड्ड्यासारखं ते झाड दिसत होतं आणि आम्ही दोघी हसलो होतो. सकाळी कागद पानांना चिकटला होता आणि मध्ये बर्फाचा पातळ पापुद्रा. कागद ओढला तशी पानं उकडलेल्या पालकासारखी हातात आली. तिनं कागदाची नीट घडी घातली आणि ती घडी हातात धरून बराच वेळ उभी राहिली. पंधरा दिवसांत झाड वरपासून खालपर्यंत तपकिरी झालं. अबू सालेह परत आल्यावर त्यांना काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या घरात येऊन राहिला.

त्यातच नाशिकहून मामाचं पत्र आलं. आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, आम्ही सगळेच दादा म्हणायचो, त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. आईला जायचं होतं. पण तिच्या इकाम्याचं नूतनीकरण अडकलं होतं, आणि ते झाल्याशिवाय देशाबाहेर जायचा शिक्का मिळणार नव्हता. बाबा रोज खेटे घालत होते, आणि रोज त्यांना "बुक्रा" ऐकू येत होतं, म्हणजे उद्या. आई त्यांना दारातच विचारायची, ते बूट काढताना मान हलवायचे, आणि मग जेवणं व्हायची. फोन महाग होता, आठवड्यातून एकदा तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत दादा तिला विचारायचे, तिकडं थंडी आहे का गं अजून.

मार्चमध्ये, पत्र आल्याच्याच आठवड्यात, मेलेल्या झाडाच्या बुंध्यातून फुटवे आले. हिरवेगार, काटेरी, आणि प्रत्येक देठाला तीन तीन पानं. आईनं मला हाताला धरून बाहेर नेलं. ती कुजबुजत होती, जणू मोठ्यानं बोललं तर ते फुटवे परत आत जातील. "मंजू, हा बेल आहे गं." मी म्हटलं, संत्र्याच्या बुंध्याला बेल कसा येईल. ती म्हणाली, कुठून बी आलं असेल, खतातून आलं असेल, बघ ना, काटा बघ, त्रिदळ बघ. पान बेलापेक्षा लहान होतं, हे तिच्याही लक्षात आलं होतं. ते थंडीमुळे, असं तिनं स्वतःच सांगून टाकलं.

तिचं माहेर बेलाच्या झाडाखालचं, अक्षरशः. दादांच्या परसात बेल होता आणि सोमवारी सकाळी पानं खुडायचं काम लहानपणापासून तिच्याकडे. तिनं सोळा सोमवारांचा संकल्प केला. श्रावणाची वाट बघायला वेळ नव्हता. आमचे देव कपड्यांच्या कपाटात, वरच्या खणात, दार लावून ठेवलेले. त्या गावात तशीच रीत होती, घरातलं घरात. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्या आणि उदबत्ती असा एकत्र वास यायचा. मला अजूनही देवळात गेलं की डांबराच्या गोळ्यांची आठवण येते, कुणाला सांगायची सोय नाही. सोमवारी आई दिवसभर उपाशी राहायची, संध्याकाळी अकरा पानं खुडून आणायची, तुटलेलं नाही, किडलेलं नाही, तिन्ही दळं शाबूत, आणि ती पालथी घालून लहानशा पिंडीवर वाहायची. नैवेद्याला गव्हाचा चुरमा. गहू हाइलचाच, गूळ नव्हता म्हणून खजूर कुटून. तो चुरमा मला इतका आवडायचा की मी सोमवारची वाट बघायची, आणि मग दादा आजारी आहेत हे आठवून मनातल्या मनात थोबाडीत मारून घ्यायची.

फुटव्यांची पानं मध्येच पिवळी पडू लागली. बाबांनी बघून सांगितलं की याला लोह कमी पडतंय, इथलं पाणीच खारट आहे. आईला स्वतःसाठी आणून दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिनं कधी घेतल्या नव्हत्या, त्या बाबांनी कुटून पाण्यात विरघळवल्या आणि झाडाला घातल्या. पानं हिरवी झाली, किंवा आम्हाला तसं वाटलं. आईनं फोनवर दादांना सांगितलं की आमच्या अंगणात बेल उगवलाय, वाळवंटात. दादा इतके खूष झाले की त्या दिवशीची तिन्ही मिनिटं त्यांनीच घेतली.

दहा सोमवार झाल्यावर अबू सालेह परत आले. शुक्रवारी दुपारी, जाड काचांचा नवा चष्मा आणि हातात छाटणीची कात्री. आई जाळीआड, मी अंगणात. मी धडाधडा सगळं सांगून टाकलं, ब्लँकेट, प्लॅस्टिक, चूक आमची. ते रागावले नाहीत. बुंध्याशी उकिडवे बसले, नखानं साल खरवडत खाली खाली आले, तपकिरी, तपकिरी, आणि मातीच्या ओळीशी हिरवं. मग काटे बाजूला सारून त्यांनी मला आत बघायला सांगितलं. त्या सगळ्या त्रिदळांच्या गर्दीत करंगळीएवढी एक फांदी होती, तिला पानं एकेकटी. मी रोज ते झाड बघत होते, मला ती कधी दिसली नव्हती.

"ही ती," ते म्हणाले. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही कुणालाही समजावू शकते. तीन पानांचं हे खालचं झाड, जंगली, कडू, त्याला कसलीही थंडी चालते, म्हणून त्याच्यावर यूसुफीचं कलम बांधतात. थंडीनं वरचं मेलं की खालचं उसळतं आणि सगळा रस पिऊन टाकतं, वरच्याला डोकं वर काढू देत नाही. हे सगळे फुटवे आजच काढायला हवेत. एवढ्यात त्यांचं लक्ष फुटव्यांच्या बोडक्या देठांकडे गेलं. पानं कुणी खुडली? आईनं, मी म्हणाले. ते हसायलाच लागले. त्यांच्या मते पानं खुडल्यामुळेच फुटव्यांचा जोर मोडला होता, नाहीतर ही फांदी केव्हाच गुदमरली असती. आणि आईनं ती एकपानी फांदी खुडली नव्हती, कारण एक पान महादेवाला चालत नाही. हे कारण मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी कात्री उघडली. आतून आईचा आवाज आला, तिला अरबी कळत नव्हतं पण कात्री कळली होती. "मंजू, त्यांना सांग, सहा राहिलेत. सहा सोमवार थांबा म्हणावं."

हे कसं सांगायचं? देवाचं बाहेर बोलायचं नाही, हे मला हाइलला पाऊल ठेवल्यापासून शिकवलेलं. अबू सालेह माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते, जाळीआडून आई थांबली होती, आणि मला त्या क्षणी त्या कामाचा मुळीच गर्व वाटत नव्हता. मी म्हणाले, "ही पानं औषध आहेत. आईचे वडील आजारी आहेत, हिंदुस्थानात. सहा आठवडे अजून लागतील."

पानं इथे आणि वडील तिथे, मग औषध पोचतं कसं, असं कुणीही विचारलं असतं. त्यांनी विचारलं एवढंच, की किती पानं लागतात. मी आईला विचारलं, आई म्हणाली, अकराच्या जागी पाच वाहीन. पाच, मी सांगितलं. मग त्यांनी चार फुटवे कापले आणि एक ठेवला, यूसुफीच्या फांदीपासून लांबचा. "एवढं ती सोसेल," ते म्हणाले. ती म्हणजे फांदी की बायको, मला कळलं नाही. आता वाटतं त्यांच्या मनात त्या दोन वेगळ्या नसाव्यात.

त्या संध्याकाळी मी आईला सांगायला गेले. मला सगळं कळलं होतं आणि ते माझ्या पोटात राहत नव्हतं. ती पीठ मळत होती. मी म्हटलं, आई, तो बेल नाहीये, ते आहे ना... तिनं पिठाचा हात वर केला. "सोळा सोमवार होऊ देत," ती म्हणाली. "मग सांग." आणि पुन्हा मळायला लागली.

पुढच्या शुक्रवारपासून अबू सालेह नमाजाहून परतताना दारात थांबायचे. मी बाहेर गेले की विचारायचे, तिचे वडील कसे आहेत? औषध लागू पडतंय का? मी सांगायची, थोडं बरं आहे. एकदा त्यांनी मक्केच्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्याची छोटी बाटली आणून दिली, आजोबांसाठी, कुणी जाणारं असेल तर पाठवा म्हणाले. आईनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाटातल्या वरच्या खणात, पिंडीशेजारी ठेवली. जाणारं कुणी मिळेपर्यंत ती तिथंच राहिली. बाबांनी ते पाहिलं आणि कपाटाचं दार हळू लावलं.

चौदाव्या सोमवारनंतर मंगळवारी मामाचा फोन आला. वेळ फोनची नव्हती, त्यामुळे घंटा वाजली तेव्हाच आईला कळलं असावं. तिनं ऐकलं, "बरं" म्हणाली, फोन ठेवला, आणि डोक्यावरून आंघोळ केली. रडली नाही. मी तिच्या मागं मागं फिरत होते आणि ती मला कामं सांगत होती, हे उचल, ते झाक. इकाम्याचा कागद त्याच आठवड्यात हातात आला. बाबांनी तो टेबलावर ठेवला, आणि कुणीच उचलून पाहिला नाही. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक, ते संपलं. सोमवारी संध्याकाळी आई पाच पानं घेऊन आत आली तेव्हा बाबांना राहवलं नाही. आता कशासाठी गं, असं ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. संकल्प केलाय, एवढंच तिचं उत्तर. चुरमा झाला, आम्ही खाल्ला. माझ्या वाट्याचा मी सगळा संपवला.

सोळावा सोमवार झाला. दुसऱ्या दिवशी आईनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, आता सांग. गेले दीड महिने जे सांगायला माझा जीव तडफडत होता, ते मला आता मुळीच सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, बेलच आहे. तिनं माझी हनुवटी वर केली. मग मी सांगितलं, लिंबाच्या जातीचं झाड आहे आई, जंगली, कलमाच्या खालचं. ती मान डोलवत ऐकत राहिली. "पान चुरगळलं की लिंबाचा वास यायचा," ती म्हणाली. "दादांना मात्र बेल सांगितलाय मी. त्यांना तेवढंच माहीत असू दे."

गेल्या महिन्यात नातवानं फोनवर एका झाडाचा फोटो दाखवला, तीन पानं, हिरवे काटे, आणि फोननं त्याचं भलंमोठं नाव सांगितलं. तो म्हणाला, आजी, हे बेलासारखं दिसतं, पण बेल नाही. मी म्हटलं, माहीत आहे. त्याला वाटलं, मी वनस्पतीशास्त्र शिकले असेन.

सोळाव्या सोमवारनंतरच्या शुक्रवारी अबू सालेह कात्री घेऊन आले. सहा आठवडे त्यांनी मोजले होते. मधले दोन शुक्रवार मी दारात गेलेच नव्हते. आत येता येता त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी खाली बघत सांगितलं की आईचे वडील वारले. त्यांनी त्यांच्या प्रार्थनेतलं वाक्य पुटपुटलं आणि बुंध्याशी न जाता पायरीवरच बसले. कात्री बाजूला ठेवली. बराच वेळ ते त्या एकुलत्या फुटव्याकडे बघत होते, खुडून खुडून त्याच्यावर आता जेमतेम चार पानं उरली होती. माझ्या लक्षात आलं की हा माणूस हिशेब करतोय, आपण चार फुटवे कापले नसते तर औषध पुरलं असतं का. ते माझं खोटं होतं आणि ते त्यांच्या जिवाला लागलं होतं. मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं आणि जाळीआड आई उभी आहे म्हणून वाटलंही नाही. इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली आहे.

मग ते बोलले, माझ्याशी नाही, जाळीकडे बघून. हळूहळू, मला सांगायला सोपं जावं म्हणून एकेक वाक्य तोडून. मी एकेक वाक्य आईला सांगत गेले.

"सालेहच्या आईलाही मी सगळी औषधं दिली. रियाधची दिली. तुर्कस्तानातून आणली. एक दिवस चुकवला नाही. ती गेली. मग मी वर्षभर मोजत बसलो, कुठं कमी पडलं." मग ते माझ्याकडे वळले. "बिन्ती, माझ्या पोरी, तुझ्या आईला सांग, तिचं काही कमी पडलं नाही."

मी पुढं कितीतरी वर्षं दवाखान्यांमधून, कचेऱ्यांमधून लोकांसाठी अरबीचं हिंदी आणि हिंदीचं मराठी केलं, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी थोडं गाळलं, थोडं गोड केलं. ते वाक्य मात्र मी होतं तसं सांगितलं, एकही शब्द न बदलता. मग आई रडायला लागली, फोन आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. अबू सालेह मान वळवून भिंतीकडे बघत बसून राहिले. मी मध्ये उभी होते आणि कुणालाच काही सांगायचं नव्हतं.

थोड्या वेळानं दार उघडलं. आई डोक्यावर ओढणी घेऊन बाहेर आली, तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यासमोर. ती बुंध्याशी बसली, काट्यांची पर्वा न करता फुटवा एका हातानं बाजूला ओढून धरला, आणि दुसरा हात त्या एकपानी फांदीपुढे आडवा धरला, तिला कात्री लागू नये म्हणून. अबू सालेहांनी कापलं.